शिडी धरायची होती

१

भाऊसो कांबळ्यांच्या दुकानात भांडं कुणी डोळ्यांनी घेत नसे. राजारामपुरीच्या त्या गल्लीत क्लासला जाणारी पोरं, दवाखान्याबाहेरची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, सगळा गलबला. पण गिऱ्हाइकाच्या हातात पातेलं देण्याआधी भाऊसो अंगठीच्या बोटानं काठाखाली टिचकी मारत आणि म्हणत, ऐका. पत्रा जाड असला की आवाज रेंगाळत उतरतो, पातळ असला की किंचाळून गप्प होतो, जोडात चीर असली की बसलेल्या घशासारखा येतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शाळा चौथीत सुटली. मग सायकलच्या कॅरेजवर डबे बांधून त्यांनी हुपरी-कबनूरचे बाजार केले, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनीच त्यांचा कान तयार केला. हुपरीच्या एका चांदीवाल्यानं एकदा थट्टेनं विचारलं होतं, की आम्ही माल दगडावर घासून बघतो, तुमची कसोटी कुठाय? भाऊसोंनी स्वतःचा कान पिळून दाखवला. चांदीवाला हसला आणि लेकीच्या लग्नाची सगळी भांडी त्यांच्याकडूनच घेऊन गेला.

दुकानाच्या मागच्या अंगाला पोटमाळा होता. तिथं त्यांची बायको आक्काताई बसायची. माल लावायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा, लग्नाचे सेट बांधायचे, सगळं तिच्याकडं. माळ्यावर जायला एक उभी लोखंडी शिडी होती. भिंतीला ठोकली असती तर खालच्या कपाटाचं दार उघडलं नसतं, म्हणून ती तशीच टेकवलेली. आक्काताई चढायची एकटी, पण उतरताना कुणीतरी शिडी धरायला लागायचं, नाहीतर पाय फरशीवरून सरकायचे.

आता नवऱ्याला बोलवायचं तर नाव घेणं आलं. घरात जुन्या रीतीभाती फारशा उरल्या नव्हत्या. भाऊसोंच्या वडलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात देव्हाऱ्यातले टाक गेले, अंगारे गेले, भूत आणि भानामतीही गेली. पण नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत आक्काताईनं सोडली नाही. भाऊसो चिडवायचे, की अगं, आपल्या धर्मात हे कुठं बसतं? ती म्हणायची, धर्मात बसत नसंल, पण माझ्या जिभंवर बी बसत न्हाय. मग तिनं स्वतःची सोय काढली. हातातलं भांडं पालथं धरून ती बोटानं वाजवायची. ठण्ण. आणि जरा थांबून, ठण. दुसरा ठोका कायम दबका, कारण पिंपाच्या झाकणाखाली चेंगरल्यापासून ते बोट दमून जायचं. खालून भाऊसो हाताशी असेल त्या भांड्यावर एकच टिचकी मारत. त्याचा अर्थ, आलो.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यानंतर आक्काताई आजारी पडली आणि गेली. दवाखान्यात भाऊसो उशाशीच होते. करायचं ते सगळं झालं होतं, राहिलं असं काही नव्हतं. तरीही दुपारी दुकान थंड पडलं की ते गल्ल्यावर बसून माळ्याच्या अंधाराकडं कान लावून असत. भाऊसो, कांबळेशेठ, आप्पा, दादा अशा हाका मारणारे गल्लीत शंभर होते. बोलवणारं कुणी नव्हतं.

२

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत पुण्याहून लेक आणि जावई आले. लेक सोनम, जावई पृथ्वीराज. जावयानं कुठल्यातरी पुरवणीत वाचलं होतं, की जयसिंगपूर ओलांडलं की कृष्णाकाठानं आता वायनऱ्या झाल्यात, शनिवार-रविवार काढून लोक एकीकडून दुसरीकडं जातात, चव घेतात, मुक्काम करतात. भाऊसो म्हणाले, तांबडा आन् पांढरा रस्सा आम्ही वाटीनं वरपतो पावणं, तुम्ही काचंतनं प्या. पण सोनम अडून बसली. आप्पांना दुकानातून दोन दिवस उचलायचं, हा तिचा खरा बेत होता, आणि तो भाऊसोंनाही कळत होता. शेवटी टाक्या सगळ्या स्टीलच्या असतात, माळवदाएवढ्या उंच, असं जावयानं सांगितलं आणि व्यापारी हलला. एवढा पत्रा एका जागी त्यांनी कधी ऐकला नव्हता.

पहिली वायनरी उसाच्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर एका माळावर होती. मनाली नावाची हसरी पोरगी माहिती द्यायला होती. ग्लास असा फिरवायचा, असा हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि नको असेल तर या भांड्यात थुंकायचा. भाऊसोंनी ते भांडं तेवढं उचलून बघितलं. एवढं चांगलं जाड भांडं थुंकायला ठेवल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि ते तसं बोलून दाखवल्यावर मनालीसकट सगळे हसले.

मग ती त्यांना टाक्यांच्या हॉलमध्ये घेऊन गेली. बाहेर ऊन रखरखत होतं आणि आत अंगावर काटा यावा एवढी थंडी. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या रांगा, मधून ओली फरशी, छताला लांब पांढऱ्या नळ्या. टाकीच्या पोटात सगळ्यांची तोंडं ताणून आडवी दिसत होती. भाऊसोंच्या हाताला राहवेना. त्यांनी पहिल्या टाकीवर टिचकी मारली आणि ते सांगत गेले. भरलेली. दुसरी अर्धी. तिसरी भरलेली. मनाली म्हणाली, काका, बरोबर ओळखताय की.

तेव्हा रांगेच्या टोकाकडून आवाज आला. ठण्ण. आणि जरा थांबून, ठण.

दुसरा ठोका दबका होता.

भाऊसोंच्या डोक्यात काही यायच्या आत बोट पुढं झालं. समोरच्या टाकीवर त्यांनी एक टिचकी मारली, आणि तोंडातून शब्द गेला, "आलो."

जावई मनालीला काहीतरी विचारत होता, त्यानं ऐकलं नाही. सोनमनं मान वळवून बापाकडं बघितलं. मनाली आपणहून सांगत होती, की टाकीच्या भोवती थंड पाणी खेळवलेलं असतं, पत्रा आकसतो, मग असा वाजतो अधूनमधून. भाऊसोंनी मान हलवली. आकसणारा पत्रा त्यांना काय नवा होता? थंडीत पहाटे दुकान उघडलं की सगळी शेल्फं कडकडायची. पत्रा आकसताना कडकडतो, टणटणत नाही. आणि आकसणाऱ्या पत्र्याचं बोट दुखत नाही.

पण हे त्यांनी स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नाही. टोकापर्यंत चालत गेले. शेवटच्या टाकीवर हात ठेवला. थंडगार. मनाली म्हणाली, ती रिकामी आहे, मागच्या महिन्यात धुऊन ठेवलीय.

३

दुसरी वायनरी तासगावच्या अंगाला. मालक बाळासो म्हणून होते, साठीचे, टोपीवाले, बोलायला मोकळे. स्वतःच हिंडून दाखवत होते. त्यांच्या वडलांनी बेदाणा केला, यांनी वाईन काढली. गावात लोक नावं ठेवतात असं आपणच सांगून आपणच हसत होते. म्हणाले, द्राक्ष खाल्लं तर फळ, वाळवलं तर मेवा, आन् आमी पिळलं की पाप. भाऊसोंना माणूस आवडला. दोघांनी बाजाराच्या गोष्टी काढल्या. सायकलवरनं डबे पडून घरंगळत थेट ओढ्यात गेले, आणि आख्खं कबनूर त्यांचे डबे बाहेर काढायला पाण्यात उतरलं, ती गोष्ट भाऊसोंनी इतकी रंगवली, की जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. सोनमलाही बरं वाटलं. सकाळचं ते काही नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं.

बाळासोंच्याकडं टाक्या बाहेर शेडमध्ये होत्या, पण दाखवण्यासारखं होतं ते तळघर. दगडी जिना उतरून खाली गेलं की लाकडी पिपांच्या रांगा. वास ओल्या फळीचा आणि पिकलेल्या कशाचा तरी. पिवळा दिवा एकच. इथं स्टीलचा तुकडा नव्हता. भाऊसोंनी ते उतरताना पहिल्यांदा बघून घेतलं, आणि बघून बरं वाटलं. बरं वाटण्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. ते त्यांनी ओळखलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

बाळासो सांगत होते, लाकूड श्वास घेतं, माल जरा जरा उडून जातो, तो हिशेबात धरायचा नसतो.

ठण्ण. ठण.

पिपांच्या मागून. लाकडाच्या मागून स्टीलचा आवाज, लख्ख, पालथ्या डब्याचा. बाळासो बोलायचे थांबले. पृथ्वीराज म्हणाला, वर कुणीतरी पाईप वाजवतंय. बाळासोंनी मान तिरकी केली आणि म्हणाले, खाली पाईप न्हाय पावणं. मग जरा वेळानं स्वतःचीच समजूत घातली, की शेडमधून आवाज उतरत असंल, वाऱ्याची दिशा असंल.

म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. भाऊसो इकडं मनात ताळा करत होते. म्हातारपणानं कान वाजतायत म्हणावं, तर जावयाचे वाजणार नाहीत. वर कुणी वाजवतंय म्हणावं, तर तो दबका ठोका त्याला कुठून ठाऊक? त्याच वेळी छातीत असं काही हललं होतं, की ते दोन वर्षांत हललं नव्हतं. त्यांनी बोट उचललं. समोर पिपाला लोखंडी कडं होतं.

सोनमनं त्यांचं मनगट धरलं. तिचा हात टाकीसारखा थंड होता. ती त्याच दुकानात लहानाची मोठी झाली होती. माळ्याखाली पाटी घेऊन बसायची, आणि आईनं वाजवलं की बापाच्या आधी तीच उठायची.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "उत्तर देऊ नका."

भाऊसोंनी हात खाली घेतला. सकाळीच देऊन बसलोय, याची त्यांनी तिला आठवण करून दिली नाही.

४

मुक्काम तिसऱ्या ठिकाणी होता, पलूसच्या पुढं. ओळीनं खोल्या, पुढं ओटा, ओट्यासमोर द्राक्षांच्या बागा उतरत नदीकडं गेलेल्या. दिवस मावळायला आला होता. जावई आत अंघोळीला गेला आणि बाप-लेक ओट्यावर बसले. बागेतली माणसं रिकामे क्रेट एकात एक घालत होती, तेवढाच आवाज.

शेवटी सोनमनंच सुरुवात केली. तिनं आधी पत्रा, वारा, पाण्याचा दाब सगळं मांडून बघितलं, आणि बाप मान हलवत होता म्हणून आणखी चिडली. म्हणाली, तुम्हीच मला शिकवलं हे सगळं झूट असतं म्हणून. शाळेत मैत्रिणी पिंपळाखालून जायला घाबरायच्या, तेव्हा तुम्ही मला मुद्दाम डबा घेऊन तिथं जेवायला बसवलं होतं. भाऊसो म्हणाले, व्हय, बसवलं. आन् आज बी बसवीन.

"मग आज सारखं कान लावून का बसलायसा?"

भाऊसो वेगळाच विचार करत होते. ती बोलवायची कशासाठी? चहा तर ती माळ्यावर चढायच्या आधीच स्वतः करून ठेवायची. सुतळीची गाठ त्यांच्यापेक्षा तिचीच घट्ट. जड हंडा उचलायला हमाल होते. मग तीस वर्षांत रोज तिनं काय म्हणून बोलवलं? त्यांना शिडीचे दोन दांडे तळहातात आठवले, उन्हाळ्यात गरम आणि थंडीत गार. तोंड शिडीकडं करून ती उतरायची. खाली उभं राहिलं की आधी तिच्या भेगाळलेल्या टाचा दिसत, मग साडीचा काठ, मग पाठ. एकदाही तिनं खाली बघितलं नाही. धरलंय म्हटलं की पुरायचं.

"सोनम," ते म्हणाले, "तिला खाली यायचंय."

सोनमनं तोंडावर पदर घ्यावा तशी ओढणी घेतली. मग नाक ओढून म्हणाली, की आप्पा, आई मेलीय. मी तिच्या पायाशी होते. तिला कुठं वर ठेवलेलं न्हाय, की ती खाली येईल.

"ठावं हाय मला."

"मग?"

"मी ‘आलो’ असं म्हणून बसलोय, पोरी. आलो म्हटल्यावर ती पाय टाकती."

५

सकाळी उठल्यावर मात्र सगळं नेहमीसारखं होतं. ऊन, पाखरं, पोह्यांचा वास. भाऊसोंना आदल्या संध्याकाळची शरम वाटली. जावई आत असताना लेकीला रडवायला नको होतं. त्यांनी पोह्यांवर शेव मागून घेतली, वाईनवाल्यांना मिसळ कळत नाही म्हणून दोन शेरे मारले. आता नाष्टा करून निघायचं, दुपारपर्यंत कोल्हापूर, असं ठरलं.

निघण्याआधी तिथला कृष्णात म्हणून जो मुकादम होता, तो सगळं दाखवायला घेऊन गेला. इथला हॉल सगळ्यांत मोठा. हंगाम ऐन रंगात होता, टाक्यांत रस उकळल्यासारखा बुडबुडत होता, आणि हॉलभर तो आवाज. शंभर माणसं झोपेत ओठ मिटून काहीतरी सांगतायत असा. मधल्या एका टाकीतली तांबडी वाईन रात्रीत काढून घेतली होती. खालचं गोल दार उघडं होतं आणि त्यातून चोथा ओढायचं काम चालू होतं. माणसं चहाला गेली होती. पुढ्यात जांभळ्या सालींचा ढीग, दाराशी एक पंखा, तोही बंद.

कृष्णात म्हणाला, लांबूनच बघायचं. आत वायू बसतो. वास न्हाय, रंग न्हाय. मेणबत्ती धरली की विझती. माणूस वाकला की झोप आल्यागत वाटतं, आन् झोपतो ते झोपतोच. पंखा लावून बराच वेळ गेल्याशिवाय आमी बी डोकं घालत न्हाय.

भाऊसोंनी नीट ऐकून घेतलं. व्यवहारातली गोष्ट त्यांना एकदा सांगितली की पुरे. मग सगळे चव घ्यायच्या खोलीकडं गेले. भाऊसो म्हणाले, मी जरा उन्हात थांबतो, थंडी भरलीय. सोनमनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. ते हसले. मग ती गेली.

ते खरोखर उन्हातच उभे होते. हॉलचं मोठं दार उघडं, त्यांच्या पाठीवर ऊन, पुढं ती थंड फरशी. आतून बुडबुड येत होती. त्यांनी मनाशी म्हटलं, आता आवाज येणार नाही. आला नाही तर आपण सुटलो. आणि सुटलो हा शब्द त्यांनी लगेच मागं घेतला.

ठण्ण.

ते थांबले. तो दुसरा ठोका येईना.

तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बोट दमलं तरी ती दुसरा ठोका द्यायचीच. भाऊसोंना एकदम दिसलं, की तिच्या हातात आता भांडं नाही. हात दांड्याला आहेत. पहिला ठोका कसाबसा मारून तिनं पाय खाली सोडलाय, आणि शिडी कुणी धरलेली नाही.

ते चालत गेले. पळाले नाहीत, हे त्यांना नंतरही आठवत होतं.

६

दारात वाकल्यावर आंबूस वास आला, मग तो गेला. त्याच्या जागी जुन्या वर्तमानपत्रांचा वास आला, आणि नव्या स्टीलवर जी बारीक काळी भुकटी असते तिचा. त्यांनी खांदे आत घातले. टाकीच्या तळाशी ओल्या साली गुडघ्याला लागल्या. वर अंधार होता, पण टाकीचा म्हणावा तर जास्तच खोल. बुडबुड ऐकू येईनाशी झाली. गल्लीतल्या रिक्षा लांबून वाजाव्यात तसं काहीतरी त्या जागी होतं.

त्यांनी अंदाजानं दोन्ही हात पुढं केले, आणि तळहातांत दांडे आले. लोखंडी, गार.

डोकं सांगत होतं, हा वायू. कृष्णात बोलला तसंच होतंय. मेणबत्ती विझतीय. डोकं अगदी शांतपणे, दुकानदारासारखं सांगत होतं, की भाऊसो, मागं हो. आणि हातांनी दांडे आवळले.

"धरलंय," ते म्हणाले. "ये."

शिडीवर वजन पडलं. ओळखीचं वजन. दांडे एवढेएवढे थरथरले, जसे थरथरायचे. वरच्या पायरीवर एक पाऊल दिसलं. मग दुसरं, त्याच्या खालच्या पायरीवर. बोटात जोडवं होतं, करंगळी तिचीच, जरा बाहेर वाकलेली. पदराचा वास आला. एवढीच तर मागणी होती. एकदा बोलवावं, आणि आपण जाऊन उभं राहावं.

पाऊल आणखी एक पायरी खाली आलं. आता ते तोंडाशी होतं. भाऊसो टाचेची भेग शोधायला लागले.

टाच दिसेना. बोटं दिसत होती. दोन्ही पावलांची सगळी बोटं त्यांच्याकडं होती.

आक्काताई कधी अशी उतरली नव्हती. अशी उतरायची, तर शिडीकडं पाठ करायला लागते, आणि तोंड खालच्या माणसाकडं येतं. म्हणजे ते जे कोण होतं, ते अंधारातून सगळा वेळ त्यांच्याकडं बघत उतरत होतं.

त्यांना वर बघायचं होतं. आयुष्यात एवढं काही बघावंसं वाटलं नव्हतं. मान वर उचलायला फक्त एक श्वास पाहिजे होता, तो येईना. आणि दांडे त्यांनी सोडले नाहीत.

७

पृथ्वीराजनं त्यांना कमरेला धरून बाहेर ओढलं. सोनमनं चव घ्यायच्या खोलीतून दोनदा दाराकडं बघितलं होतं, दुसऱ्यांदा उन्हात बाप नव्हता. कृष्णातनं फरशीवरून घसटत त्यांना अंगणात नेलं, पाणी मारलं, छाती चोळली. शुद्ध आली तेव्हा जवळच्या गावचा डॉक्टर नाडी धरून बसला होता आणि त्यांच्या मुठी कुणालाच उघडता येत नव्हत्या.

डॉक्टर म्हणाला, नशीबवान आहात. या वायूनं लोकांना काय काय दिसतं, घाबरू नका. कृष्णातनं पंखा लावून, बॅटरी मारून टाकी तपासली. साली होत्या, दुसरं काही नव्हतं. सोनम रडत होती आणि रडता रडता बापाला बोलत होती. भाऊसो गप्प पडून ऐकत होते. ती समजत होती की ते तिचं ऐकतायत.

ते टाकीकडं कान लावून होते. शिडीवरून उतरणारी ती मधल्या पायरीवर असताना त्यांचे हात सुटले होते. धरलेली शिडी सुटली की सरकते, माणूस पडतं. पडलं की स्टीलची टाकी वाजल्याशिवाय राहणार नाही. चमचा पडला तरी ती वाजते. त्यांनी कृष्णातला विचारलं, मला ओढल्यावर आतनं काही पडल्याचा आवाज आला? कृष्णात म्हणाला, न्हाय. पुन्हा जावयाला विचारलं. न्हाय मामा. कशाचाच आवाज आला नाही.

पडली नाही. म्हणजे अजून तिथंच धरून उभी असेल, नाहीतर उतरली असेल.

सांगली मागं पडली. हातकणंगल्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या, जावयाची इंडिका त्यांच्या मागं रांगत होती. पृथ्वीराज गाडी चालवत होता, सोनम त्याच्या शेजारी. मागची सीट आख्खी भाऊसोंना दिली होती, पाय पसरून झोपा म्हणून. ते झोपले नव्हते. एका दाराला अंग चोरून, पाय जवळ घेऊन बसले होते. सोनमनं आरशात दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा विचारलं, की आप्पा, असं अवघडून का बसलाय, सरका की मधी. भाऊसो म्हणाले, असू दे, जागा हाय.

त्यानंतर सोनमनं आरशात बघितलं नाही. शिरोली नाक्यापर्यंत, काच वर असूनही, एकदोनदा तिनं अंगाभोवती ओढणी आवळून घेतली.

राजारामपुरीत दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा टळटळीत दुपार होती. समोरच्या क्लासची पोरं सुटत होती. पृथ्वीराज डिकीतून पिशव्या काढायला मागं गेला. भाऊसो आपल्या बाजूनं उतरले, कुलूप काढलं, शटर वर ढकललं. मागं वळून बघितलं तर सोनम गाडीच्या पलीकडच्या अंगाला होती. तिनं मागचं दुसरं दार उघडलं होतं. ते धरून ती उभी होती, मान खाली घालून, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला उतरायला वेळ द्यावा तशी. एक रिक्षावाला मागून हॉर्न वाजवत होता, तरी ती हलली नाही. मग तिनं दार हळूच लोटलं, कुणाचा पदर अडकू नये इतकं हळू.

ती पायरीशी आली. डोळे जमिनीवर.

"वर बघितलंस?" भाऊसोंनी विचारलं.

सोनमनं मानेनं नाही म्हटलं.

"नको बघूस," ते म्हणाले, आणि शटरच्या एका अंगाला सरून उभे राहिले. "आधी आत जाऊ दे."